पीपीटी नीट बनवली तरी पाचव्या मिनिटाला सगळे मोबाईलमध्ये का जातात? काय काय तपासायचं ते

हा प्रश्न मला दर सेमिस्टरला येतो आणि विचारणाऱ्या मुलांनी खरंच मेहनत घेतलेली असते. "सर, स्लाइड सगळ्या रेडी होत्या, प्रॅक्टिस पण केली होती, सुरुवातीला लोक बघत होते आणि मग एकेक जण मोबाईल काढायला लागला, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) पण मान खाली घालून रिपोर्ट चाळत बसले." इंजिनियरिंगचा प्रोजेक्ट सेमिनार असो, कृषी मेळाव्यातलं सादरीकरण असो की सोसायटीच्या मीटिंगमधली रिडेव्हलपमेंटची पीपीटी असो, तक्रार तीच, आणि एकदा झालं की पुढच्या वेळी परत तेच होतं.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे आत्मविश्वास वाढवा, हसतमुख राहा, हातवारे करा, डोळ्यात डोळे घालून बोला. मला हा सल्ला पटत नाही. कारण जी मुलं माझ्याकडे येतात ती कॉरिडॉरमध्ये हाच विषय इतका मस्त समजावून सांगतात की ऐकत राहावं, आणि तीच मुलं पडद्यासमोर उभी राहिली की गाडी रुळावरून घसरते. म्हणजे बोलता येत नाही असं नाहीये, पडदा मध्ये आला की काहीतरी बिघडतं. ते काय बिघडतं ते सांगतो.

आपल्याकडे एकच स्लाइड तीन कामांना जुंपलेली असते. बोलणाऱ्याला पुढचा मुद्दा आठवून द्यायचा, ऐकणाऱ्याला काहीतरी दाखवायचं, आणि वर नंतर कुणी फाईल मागितली तर ती वाचून सगळं कळलं पाहिजे. ही तिन्ही कामं एका स्लाइडला जमत नाहीत, आणि यात बळी जातो तो समोर बसलेल्या माणसाचा. बाकी बरेच प्रॉब्लेम यातूनच निघतात. पण आधी खरंच हाच प्रॉब्लेम आहे का ते बघून घ्या, कारण कधी कधी कारण अगदीच साधं असतं, माईकच नीट चालू नसतो.

निदान कसं करायचं? लोक कधी सुटले ते आठवा. पहिल्या मिनिटापासूनच लक्ष नव्हतं तर बहुतेक ऐकू येत नव्हतं किंवा दिसत नव्हतं. सुरुवातीला होतं आणि चार-पाच मिनिटांत गेलं तर स्लाइडचा दोष. बराच वेळ टिकलं आणि मग गेलं तर तुमचा धागा सुटला, लोकांना कळेना की हे सगळं कशासाठी चाललंय. आणि शेवटी लोक घड्याळ बघायला लागले तर वेळेचा घोळ. तुम्हाला स्वतःला आठवत नसेल तर मागच्या रांगेत बसलेल्या मित्राला विचारा, आणि "कसं झालं" असं विचारू नका, तो "भारी झालं" एवढंच म्हणेल. "तू मोबाईल कधी काढलास" असं विचारा.

आवाज आणि पडदा

हे पटकन उरकतो, पण यात मार खाणारे भरपूर आहेत. माईक कुईऽऽ करतो म्हणजे स्पीकरमधून आलेला आवाज परत माईकमध्ये शिरतोय आणि पुन्हा मोठा होऊन बाहेर येतोय. त्यामुळे स्पीकरच्या समोर जाऊ नका, स्पीकरच्या मागच्या बाजूला उभं राहा. माईकची जाळी मुठीत धरायची सवय मुलांना गाण्याचे कार्यक्रम बघून लागते, त्याने कुई वाढते, दांड्याला धरा आणि तोंडापासून तीन-चार बोटांवर ठेवा. बरं, कुई झाली की माईकवाला दादा आवाज कमी करून टाकतो आणि मग मागच्या चार रांगांना काहीच पोचत नाही, तुम्हाला मात्र पुढून वाटतं की सगळं ठीक चाललंय. म्हणून एक माणूस मागे बसवा आणि ऐकू येत नसेल तर त्याने हात वर करायचा, एवढं ठरवून ठेवा. कॉलरचा माईक असेल तर ओढणी, पदर, उपरणं, आयकार्डची दोरी यातलं काही त्यावर घासत नाही ना ते बघा.

व्हिडिओ दाखवला आणि आवाजच नाही, हा पण नेहमीचा. एचडीएमआय केबल लावली की लॅपटॉप बऱ्याचदा आवाज प्रोजेक्टरकडे पाठवायला लागतो आणि हॉलचे स्पीकर गप्प बसतात. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. जुन्या व्हीजीए केबलमधून तर आवाज जातच नाही, तिथे वेगळी ऑडिओ वायर लागते. पडद्यावर काहीच येत नसेल तर विंडोजची कळ दाबून पी, आणि डुप्लिकेट निवडा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो, त्यामुळे खिडक्यांना पडदे नसलेल्या हॉलमध्ये काळ्या बॅकग्राउंडची स्टायलिश स्लाइड राखाडी आणि फिकट दिसते. उजेड असेल तिथे पांढऱ्यावर काळी अक्षरं, दुसरा विचार नको.

मराठी फॉन्टचा गोंधळ

यावर जरा थांबतो कारण हा खास आपला प्रॉब्लेम आहे आणि तीन वेगळे बिघाड लोक एकच समजतात.

एक, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. याचा अर्थ तुम्ही जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलंय. त्यात फाईलमध्ये मुळात रोमन अक्षरांचे कोड साठवलेले असतात आणि फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचं चित्र काढतो. तो फॉन्ट हॉलच्या पीसीवर नसला की आतलं खरं रूप बाहेर येतं. यावर पक्का इलाज म्हणजे कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये करून घेणं, आणि कन्व्हर्ट झाल्यावर रफार, र-कार आणि 'श्र', 'ज्ञ' असली अक्षरं एकदा डोळ्यांखालून घालणं, चुका तिथेच होतात.

दोन, चौकोन चौकोन दिसतात. इथे मजकूर युनिकोडच आहे पण त्या मशीनवर देवनागरी दाखवणारा फॉन्ट लागत नाहीये. मंगल किंवा निर्मला यूआय लावून बघा, विंडोजवर ते सहसा असतात. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी असले फुकट मिळणारे फॉन्ट वापरले असतील तर फाईलबरोबर पेनड्राइव्हवर घेऊन जा, किंवा पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये सेव्ह मध्ये जाऊन फॉन्ट फाईलमध्येच एम्बेड करा.

तीन, अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. म्हणजे फॉन्ट आहे, पण सॉफ्टवेअरला अक्षरं जोडता येत नाहीयेत. तिथे फॉन्ट बदलत बसू नका, वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. घरून निघतानाच पीडीएफ काढून ठेवा आणि ती लावा. अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ जातील, पण अक्षर हलणार नाही.

आणि साईझ. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार, इतका सगळा संसार असतो, त्यामुळे इंग्रजी २४ पॉइंटला जेवढं आरामात वाचता येतं तेवढं मराठी येत नाही. मी मुलांना ३२ च्या खाली येऊ देत नाही आणि दोन ओळींतलं अंतर पण वाढवायला लावतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन चिकटतो. हॉल आधी बघायला मिळणार नसेल तर लॅपटॉपवर स्लाइड फुल स्क्रीन करा आणि आठ-दहा फुटांवर उभं राहून वाचा. वाचता आली नाही तर शेवटच्या रांगेला पण येणार नाही.

आता मुख्य दुखणं

वरचं सगळं ठीक आहे, आवाज पोचतो, अक्षर दिसतं, आणि तरी लोक सुटतात. आता स्लाइड उघडा आणि एकच गोष्ट बघा, तुम्ही जे बोलणार आहात तेच वाक्य पडद्यावर लिहिलंय का. लिहिलं असेल तर तिथेच आहे दुखणं.

होतं काय की पडद्यावर मजकूर आला की डोळे तो वाचणारच, माणसाने ठरवलं तरी वाचायचं टाळता येत नाही. मनातल्या मनात वाचण्याचा वेग बोलण्यापेक्षा जास्त असतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्या बुलेटवर आहात तोवर लोकांचे सहाही बुलेट वाचून झालेत. आता त्यांनी काय करायचं? जे वाचून झालं तेच हळूहळू परत ऐकायचं? मोबाईल तिथे निघतो. आणि तुम्ही थोडं वेगळ्या शब्दांत बोलत असाल तर अजून वाईट, कारण वाचणं आणि ऐकणं दोन्ही भाषेचीच कामं आहेत, दोन वेगवेगळी वाक्यं एकदम डोक्यात नेता येत नाहीत, एक सुटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर बरेच प्रयोग केलेत. एका गटाला चित्र आणि त्याचं बोललेलं स्पष्टीकरण, दुसऱ्या गटाला चित्र, स्पष्टीकरण आणि शिवाय तीच वाक्यं पडद्यावर. नंतर तपासलं तेव्हा पहिल्या गटाला जास्त समजलेलं निघालं. जास्त दिलं आणि कमी पोचलं.

याला अपवाद आहे, नवीन किंवा अवघड शब्द, नाव, आकडा हे पडद्यावर हवंच. कानावर पहिल्यांदा पडणारा शब्द लिहिलेला दिसला की लोक धरून ठेवतात. पण तेवढाच शब्द, आख्खं वाक्य नाही.

हे फक्त मार्कांपुरतं आहे असं वाटत असेल तर एक स्लाइड सांगतो, जी मी दर वर्षी वर्गात दाखवतो. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान सुटलं, त्यात कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाला लागला. यान वर असतानाच इंजिनियरांनी त्या धक्क्याचा अभ्यास करून नासाच्या लोकांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचलं तर असं वाटतं की चाचण्यांच्या हिशोबात सुरक्षेच्या बाजूला भरपूर मार्जिन धरलंय, म्हणजे काळजी नको. खाली बुलेट, बुलेटच्या आत बुलेट, त्याच्या आत अजून बुलेट. आणि अगदी तळाशी, बारीक टायपात, की चाचणीतला तुकडा ३ घन इंचाचा होता आणि उडून लागलेला अंदाजे १९२० घन इंचाचा. म्हणजे ६४० पट मोठा. म्हणजे वर ज्या चाचण्यांचा हवाला दिलाय त्या या धक्क्याला लागूच होत नाहीत. स्लाइडवरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली, सगळ्यात लहान अक्षरात, आणि शीर्षक बरोब्बर उलट्या दिशेला नेणारं.

१ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. एका स्लाइडमुळे हे झालं असं कुणी म्हणत नाही, मी पण म्हणणार नाही, निर्णयाच्या साखळीत खूप काही चुकलेलं होतं. पण चौकशी मंडळाच्या २००३ च्याच अहवालात या स्लाइडची चिरफाड छापलेली आहे, माहितीच्या रचनेचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली, आणि तांत्रिक निबंधाऐवजी पॉवरपॉइंटवर काम भागवण्याच्या सवयीवर मंडळाने स्पष्ट बोट ठेवलंय. माहिती तिथे होती, खोटं काहीच नव्हतं, फक्त ती सापडावी अशी मांडलेली नव्हती. वर्गात मी ही स्लाइड दाखवून एवढंच विचारतो की यातलं महत्त्वाचं वाक्य शोधा, आणि वेळ लावतो. लगेच कुणालाच सापडत नाही.

मग करायचं काय

तीन कामांच्या तीन फाईल करा. जे आठवायचं ते कागदावर किंवा प्रेझेंटर व्ह्यूच्या (फक्त बोलणाऱ्याला लॅपटॉपवर दिसतो तो) नोट्समध्ये. जे नंतर वाचायला द्यायचं ते दोन पानांचं टिपण, सरळ वाक्यांत लिहिलेलं, आकडे-संदर्भ-तक्ते सगळं त्यात. आणि स्लाइडवर फक्त ते, जे बोलून दाखवता येत नाही: फोटो, आलेख, नकाशा, सर्किट, एखादा आकडा. मुलं म्हणतात सर डबल काम वाढलं. वाढतं, मान्य आहे. पण टिपण आधी लिहिलं तर स्लाइड भराभर होतात, कारण काय सांगायचंय ते तोवर स्वतःला कळलेलं असतं, आणि बऱ्याच जणांचा खरा घोळ तिथेच असतो.

दुसरं, प्रत्येक स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य करा. हे वर सांगितलेल्याच्या उलट वाटेल, पण एकच वाक्य आणि खाली त्याचा पुरावा, एवढं चालतं, लोक ते एका नजरेत वाचतात आणि मग तुमच्याकडे बघतात. 'रिझल्ट' असं शीर्षक काहीच सांगत नाही. 'रात्री पाणी दिलं तर वाफ कमी होते' हे सांगतं. आणि गंमत म्हणजे वाक्य लिहायला बसलं की काही स्लाइडना वाक्यच सुचत नाही, त्या सरळ उडवा.

एक उदाहरण जवळून दाखवतो. एका मुलीचा प्रोजेक्ट होता, मातीतल्या ओलाव्यावरून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करायचा. पहिल्या रिव्ह्यूला तिची पहिली स्लाइड 'भारत हा कृषिप्रधान देश आहे', मग लिटरेचर सर्व्हे, मग ब्लॉक डायग्राम, मग आर्डुइनो उनोची (सेन्सर आणि व्हॉल्व्ह ज्याला जोडायचे त्या छोट्या सर्किट बोर्डची) सगळी कुंडली, मायक्रोकंट्रोलर कुठला, १६ मेगाहर्ट्झ, १४ डिजिटल पिना, ६ अ‍ॅनालॉग. डेटाशीटमधून उचललेलं. समोर बसलेल्या कुणालाच ते नको होतं, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे आणि ज्यांना नाही त्यांना १४ पिनांचं काय करायचं? मी तिला विचारलं, हा प्रोजेक्ट का घेतलास? ती म्हणाली, बाबा वरची माती बघून पाणी सोडतात सर, वरून कोरडी दिसते पण खाली मुळांपाशी ओल असते, त्यांना ते कळतच नाही.

हेच पाहिजे होतं ना! पुढच्या वेळी ती काचेच्या बरणीत माती घेऊन आली. वरचा थर वाळलेला, खाली ओला, काचेतून रंगातला फरक दिसत होता. सेन्सर आधी वर टोचला, पडद्यावर एक मोठा आकडा. मग तोच सेन्सर खाली सरकवला, आकडा बदलला. बोलली फक्त एवढंच, "शेतकरी हे वरचं बघतो, मूळ हे खालचं पितं." एक्स्टर्नल खुर्चीतून उठून बरणीपाशी आले आणि सेन्सर किती खोल ठेवायचा, काळ्या मातीत आणि मुरमाड जमिनीत फरक पडेल का, असले खरे प्रश्न सुरू झाले. सर्किट तेच, कोड तोच, तीच मुलगी, आणि आवाज तेव्हा पण थोडा कापत होता. कापू दे की, कुणाचं लक्षच नव्हतं त्याच्याकडे.

दाखवता येत असेल तर दाखवाच. ११ फेब्रुवारी १९८६ ला नासाच्या चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तेच केलं. त्या सुनावणीत रबरी ओ-रिंग (रॉकेटच्या सांध्यातून गॅस बाहेर येऊ नये म्हणून बसवलेल्या गोल रिंगा) थंडीत काम करतात की नाही यावर तक्ते आणि लांबलचक उत्तरं चालली होती. फाइनमननी त्याच रबराचा तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये दाबला, समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, थोड्या वेळाने काढून क्लॅम्प सैल केला आणि रबर लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांना दिसलं. उड्डाणाच्या आदल्या रात्री कंत्राटदार कंपनीच्या इंजिनियरांनी थंडीचा धोका सांगितला होता, उडवू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांचं ऐकलं गेलं नाही, त्यामुळे सगळा दोष मांडणीवर टाकणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण सगळ्या उड्डाणांचं तापमान आणि रिंगांची झीज असा एक साधा आलेख त्या रात्री कुणासमोर नव्हता हे पण खरं आहे.

धागा सुटतो त्यांच्यासाठी

"हल्ली लोकांना दोन मिनिटं पण धीर नाही" हे कारण मी मान्य करत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजही भरते आणि लोक येऊन तासभर ऐकतात. गावात कीर्तन दोन दोन तास चालतं आणि म्हातारी माणसं मांडी मोडत नाहीत. कीर्तनकार एक अभंग घेतो, पूर्वरंगात त्याचं निरूपण करतो, उत्तररंगात त्यावर आख्यान लावतो, आणि कितीही दृष्टांत दिले, कितीही हसवलं तरी फिरून त्याच चरणावर येतो. ऐकणाऱ्याला कुठल्याही क्षणी माहीत असतं आपण कशाबद्दल ऐकतोय.

तुमच्या सादरीकरणाचा तो चरण कुठला? एका वाक्यात लिहा, क्रियापदासकट. 'सोलर पंप' हे वाक्य नाही. 'आपल्या सोसायटीने पंप सोलरवर टाकला तर कॉमन लाईट बिल कमी होईल' हे वाक्य आहे. मग प्रत्येक स्लाइडला विचारा, तू या वाक्यासाठी काय करतेस, आणि जी गप्प बसेल ती काढा. मध्ये एक-दोनदा तेच वाक्य परत म्हणा. म्हणायला लाज वाटते कारण आपण ते शंभरदा ऐकलेलं असतं, समोरचा पहिल्यांदा ऐकत असतो.

भाषेचं पण बोलून घेतो. स्लाइड इंग्रजीत, बोलणं मराठीत, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ऐकणाऱ्याला सतत इकडून तिकडे उडी मारायला लावतं. शेतकरी, पालक, बचत गटाच्या बायका समोर असतील तर स्लाइड मराठीतच करा, पण ओढूनताणून शुद्ध शब्द नकोत, व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच म्हणा आणि देवनागरीत लिहा. कॉलेजच्या नियमाने इंग्रजी सक्तीचं असेल तर निदान आलेखावरची नावं बोलताना जशीच्या तशी उच्चारा, म्हणजे लोकांना पडद्यावर सापडेल.

वेळेचा घोळ

तुम्हाला वीस मिनिटं दिलेली असतात. कार्यक्रम उशिरा सुरू होतो, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आणि तुमचा नंबर येतो तेव्हा सूत्रसंचालक कानाशी येऊन सांगतो की दहात आवरा. हे होणारच आहे असं धरून तयारी करा. आपण काय करतो, त्याच वीस मिनिटांच्या स्लाइड दुप्पट वेगाने पळवतो, आणि शेवटची मुख्य स्लाइड यायच्या आत चिठ्ठी येते. त्यापेक्षा मुख्य गोष्ट पहिल्या तीन मिनिटांत सांगून टाका आणि मग पुरावे द्या, म्हणजे कुठेही थांबवलं तरी सांगायचं ते सांगून झालेलं असेल. स्लाइडचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, स्लाइड शो चालू असताना नंबर टाईप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, मधल्या स्लाइड भराभर ढकलत बसावं लागत नाही. आणि प्रॅक्टिस उभं राहून, मोठ्याने, मोबाईलवर टायमर लावून करा. मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात होतं, त्यावर विसंबू नका.

एक कळ अजून, बी. स्लाइड शोमध्ये बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की येतो. काही सांगायचंय आणि त्याचं चित्र नाहीये, तेव्हा पडदा बंद करून बोला. सगळ्या माना तुमच्याकडे वळतात, आणि कॉरिडॉरमध्ये बोलता तसं आपोआप बोलायला लागता.

प्रश्न आले की

समोरून आलेला प्रश्न आधी माईकवर परत सांगा, कारण मागच्यांना तो ऐकू गेलेला नसतो आणि ते पुन्हा मोबाईलकडे वळतात. शिवाय तुम्हाला विचार करायला चार सेकंद मिळतात. उत्तर येत नसेल तर सरळ सांगा की हे तपासलेलं नाही आणि कसं तपासता येईल तेवढं सांगा, एक्स्टर्नलला गोल गोल उत्तर लगेच कळतं.

'थँक यू' ची स्लाइड लावू नका, गुलाबाचं फूल तर नकोच. प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ पडद्यावर तीच राहते आणि ती जागा फुकट जाते. तिथे तुमचं मुख्य वाक्य आणि मुख्य आलेख ठेवा, लोक त्याच्याकडे बोट करून प्रश्न विचारतात. आणि त्याच्या पुढे, न दाखवायच्या म्हणून, जादा स्लाइड जोडून ठेवा: खर्चाचा तक्ता, पूर्ण सर्किट, चाचणीचे सगळे आकडे, आर्डुइनोची कुंडली पण इथे चालेल. कुणी विचारलं की नंबर, एंटर, आणि स्लाइड समोर.